शून्य बरोबर शून्य

४ फेब्रुवारी

काम मिळालं. निवृत्त प्रोफेसर, गणिताचे. त्यांचं पुस्तक टाइप करून द्यायचं. मामा त्यांच्या इमारतीची लिफ्ट बघतो, त्याची ओळख. मामाने त्यांना सांगितलं, भाचा दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो. खोटं नाही सांगितलं.

जेवताना मामा म्हणाला, पेट्रोल पंप झाला, जहाजावरचं स्वयंपाकघर झालं, फुलांची नर्सरी झाली, कॉलेज तर सुरू व्हायच्या आतच झालं. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी शांतपणे म्हटलं, मामा, याला अनुभव म्हणतात. तो म्हणाला, हो, पण तुला नाही आला, त्यांना आला. मामी हसली. मी भात वाढून घेतला.

ठराव: रोज सहाला उठणे. गणित नववीपासून परत. या कामाला चिकटून राहणे. दाढी वाढवणे किंवा काढणे, दोन्हीपैकी एक.

५ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

सहाला जाग आली होती. परत झोपलो ते मुद्दाम, पहिल्या दिवशी ताजंतवानं दिसावं म्हणून.

चौथा मजला. लिफ्ट बंद. (मामाला बोललो नाही.) खोली मोठी, एका भिंतीभर फळा, शाळेत असतो तसा. सरांच्या डोळ्यांचं असं आहे की मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझ्या तोंडाकडे बघायचं असलं की ते माझ्या कानाकडे बघतात. मी आधी कान पुसून घेतला.

कामाची पद्धत अशी. सर फळ्यावर वीतभर उंचीची अक्षरं काढतात. चार ओळींत फळा भरतो. त्या ओळी मी टाइप करायच्या, झालं म्हणायचं, फळा पुसायचा, मग पुढच्या चार. कागदावरचं त्यांना दिसत नाही, म्हणून कागद नाहीच. म्हणजे पुस्तक फक्त दोन ठिकाणी आहे. सरांच्या डोक्यात आणि माझ्यापुढच्या कॉम्प्युटरमध्ये. जबाबदारीचं काम. मला जबाबदारी आवडते.

अकरा वर्षं झाली म्हणे या पुस्तकाला. छापणाऱ्यांचा संपादक सरांचाच जुना विद्यार्थी. त्याला एप्रिलअखेर द्यायचं आहे. आणि डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलंय की आता कडेचंही जाणार. सर म्हणाले, दोघांनीही मुदत दिली आहे, बघू आधी कोण दारात येतं.

विषय तासभर समजावला. मन लावून ऐकला. समोरच्या गच्चीवर एकजण डिश अँटेना फिरवत होता आणि खालच्या खिडकीतून एक बाई ओरडून सांगत होती, आलं, गेलं, आलं, गेलं. शेवटी त्याने कंटाळून हात सोडला तेव्हा आलं.

विषय असा. ली अल्जेब्रा नावाचा प्रकार असतो. दोन वस्तू घ्यायच्या, चौकोनी कंसात घालायच्या, तिसरी वस्तू बाहेर येते. तीन असल्या तर कंस कुठे घालता त्यावर उत्तर बदलतं, साध्या बेरजेसारखं नाही. सरांचं पुस्तक ली मंडळींच्या मोठ्या भावंडांवर आहे, त्यांना लायब्निझ अल्जेब्रा म्हणतात. त्यांच्यात ली मंडळींचा एक नियम सोडून दिलेला आहे. पुस्तक सगळं त्या एका सोडलेल्या नियमावर उभं आहे. कोणता नियम ते सरांनी अँटेनाच्या वेळी सांगितलं. पुस्तकात येईलच.

६ फेब्रुवारी

सरांना विचारलं, मलाच का घेतलंत. सर म्हणाले, तुझ्याआधी एक एम.एस्सी. झालेला होता. हुशार पोरगा. उतरवता उतरवता सुधारायचा. कळणारी माणसं हात आवरत नाहीत. तुला यातलं काही कळत नाही ना?

मी म्हटलं, अजून नाही.

सर म्हणाले, उत्तम. दिसतं तेवढंच उतरव.

‘अजून’ त्यांनी ऐकलं नसावं.

१२ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण उतरवून झालं. बोटांना सवय झाली, डोकं मोकळं राहतं. फळा पुसताना काही वाटत नाही. हात पांढरा होतो, धुतो.

सरांची मुलगी दातांची डॉक्टर. तळमजल्यावर तिचा दवाखाना. सगळे तिला डॉक्टरताई म्हणतात, सरसुद्धा. ती जिन्यात भेटली आणि आधी माझ्या दातांकडे बघितलं. म्हणाली, मागची डावी दाढ दाखवून जा कधीतरी. म्हटलं, दुखत नाही. म्हणाली, दुखायला लागल्यावर सगळेच येतात.

संध्याकाळी लायब्ररीत गणिताचं पुस्तक आणायला गेलो. मधमाश्यांचं आणलं. पण आधी पाया पक्का हवा, आणि मधमाश्या षटकोन करतात.

१९ फेब्रुवारी

मधमाश्यांवरून पोळ्यांवर गेलो, पोळ्यांवरून मेणावर, मेणावरून मेणबत्त्या करायच्या ठरवल्या. मामीचं एक पातेलं गेलं. आता लक्ष फक्त गणितावर.

२४ फेब्रुवारी

आज ‘कोहोमॉलॉजी’ नावाचा मोठा भाग सुरू. सरांनी दोन वाक्यांत सांगितलं. काही गोष्टी अशा असतात की पुढच्या पायरीवर नेल्या की शून्य होतात. त्यातल्या बऱ्याच मागच्या पायरीवरून आलेल्या असतात, त्यांचं काही विशेष नाही. पण ज्या मागून कशातूनच आल्या नाहीत आणि पुढे नेल्या की शून्य होतात, त्या मोजायच्या. त्या मोजणं म्हणजे कोहोमॉलॉजी.

हे मला एकदम समजलं. रात्री जेवताना घरी समजावून सांगितलं. मागून कशातून आलेलं नाही, पुढे गेलं की शून्य. मामा म्हणाला, मग इतक्या लांब कशाला जायचं, तुलाच मोजा.

या घरात गणिताचं वातावरण नाही.

३ मार्च

लायब्ररीतून अखेर ली अल्जेब्राचं पुस्तक आणलं. पातळ आहे. पहिली दोन पानं वाचली, उरलेलं त्यावरून लक्षात येतं. पहिल्याच पानावर नियम दिलाय: कोणतीही वस्तू स्वतःबरोबरच कंसात घातली तर उत्तर शून्य. [x, x] = 0. सरळ आहे. माणूस एकटा स्वतःशी बोलत बसला तर त्यातून निघणार काय.

सरांच्या फाइलमध्ये मात्र [x, x] तसंच्या तसं पडून आहे. पानोपानी. कुठे [x, x], कुठे [y, y], कुठे [e, e]. शून्य लिहायचं सोडून. अकरा वर्षं.

सरांना सांगितलं नाही. वय झालंय. वाईट वाटेल.

५ मार्च, दुपारी

सर जेवून पडले होते. कॉम्प्युटरमध्ये ‘शोधा आणि बदला’ अशी सोय असते. [x, x] शोधा, 0 घाला. सगळीकडे. मग y ला. मग e ला, a ला, u ला. काही सेकंदांत सगळं. मग सेव्ह केलं.

अकरा वर्षांचं काम आणि आपण पाणी पितापिता. म्हणजे अकरा वर्षं वाया गेली असं नाही, पण नवीन नजर लागते. मजकूर लगेच सुटसुटीत झाला. पानं कमी झाली.

सरांनी उठल्यावर विचारलं, काय केलंस? म्हटलं, साफसफाई. ते म्हणाले, चांगलं.

११ मार्च

५ तारखेला बदल केल्यापासून सरांच्या आणखी चुका वर आल्या. एका ठिकाणी आहे, 0 ≠ 0. मला वाटलं टाइपिंगमध्ये गेलं असेल. पण पुढे परत, 0 ≠ 0. एका प्रकरणाचं पहिलंच वाक्य, समजा 0 ≠ 0. कसं समजायचं? मी काही मोठा गणिती नाही, पण शून्य बरोबर शून्य हे पेट्रोल पंपावरही चालतं.

सगळीकडे 0 = 0 केलं. मग त्यातल्या बऱ्याच ओळी काही सांगतच नव्हत्या, त्या काढल्या.

एका उदाहरणात दोनच वस्तू होत्या, e आणि f. तिथे आता आलं, 0 = f. म्हणजे f शून्य. म्हणजे f नाहीच. f ला पुस्तकातून काढलं. e बिचारा एकटा राहिला, पण स्वच्छ.

१२ मार्च

कितीतरी ठिकाणी लिहिलंय की ही ली अल्जेब्रा नाही. नियम तर आता पाळला जातोय. ‘नाही’ काढून टाकलं. पुस्तक एकंदरीत सकारात्मक झालंय.

मामाने विचारलं, कसं चाललंय. म्हटलं, कदाचित माझंही नाव येईल पुस्तकावर. मामाने विचारलं, कशाबद्दल, फळा पुसल्याबद्दल? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय सांगायचं.

२ एप्रिल

बहुतेक प्रकरणं उतरवून झाली. सर रोज दुपारपर्यंत लिहितात, संध्याकाळी मी माझ्या पद्धतीने स्वच्छ करतो. सरांची अक्षरं आता खाली घसरायला लागली आहेत. कधी दोन ओळी एकमेकींवर बसतात. मी विचारतो, ते परत काढतात. एकदा त्यांनी विचारलं, फळा पूर्ण पुसतोस ना, मला जुनं दिसल्यासारखं वाटतं. फळा स्वच्छ होता. सांगितलं तसं. ते म्हणाले, मग डोळ्यातच उरलं असेल.

त्यावर काय वाटायला हवं ते कळतं. वाटलं नाही. नोंद म्हणून लिहितो.

माउथ ऑर्गन शिकायचं ठरवलं आहे.

१५ एप्रिल

सरांना पुस्तक सुरुवातीपासून वाचून दाखवायचं होतं. फाइलमधूनच वाचायला सुरुवात केली. पहिल्या प्रकरणात सर दोनदा थांबले. म्हणाले, इथे काहीतरी असायला हवं होतं. म्हटलं, आहे सर, पुढे आहे. म्हणाले, असेल, ऐकताना सुटतं.

दुसऱ्या प्रकरणात त्यांना झोप लागली. म्हणजे पटलं. तिसऱ्यापासून मी प्रत्येक पानाचं पहिलं वाक्य वाचलं. झोपलेल्या माणसाला सगळं ऐकवणं हा त्याच्यावर अन्याय.

२८ एप्रिल

पाठवलं. संपादकाला. सरांनी हात हातात घेतला आणि माझ्या कानाकडे बघून म्हणाले, तुझ्यामुळे झालं.

म्हटलं, तसं थोडंफार.

डॉक्टरताईने वर कॉफी पाठवली. मामाने लिफ्ट सुरू केली. दिवस चांगला होता.

९ मे

संपादकाचं उत्तर नाही. भारावून गेला असेल.

दरम्यान माझा स्वतःचा एक शोध लिहायला घेतला आहे. स्वच्छ केल्यावर सरांच्या सगळ्या उदाहरणांचं उत्तर एकच येतं. कोणतीही अल्जेब्रा घ्या, सगळं एकसारखं. याला नाव द्यायचं आहे. नावाचा विचार करताना सायकलवर देश फिरायचं सुचलं. टायर बघून आलो.

१७ मे, संध्याकाळी

सरांकडे गेलो तर दार डॉक्टरताईने उघडलं. दवाखान्याच्या वेळात ती वर कधीच नसते. मला जिन्यात घेऊन गेली. म्हणाली, संपादकाचा फोन आला होता, मला, बाबांना नाही. तो फोनवर रडत होता. म्हणाला, सरांनी आम्हाला ज्या गोष्टीवरून कान धरून वर्गाबाहेर काढलं असतं ती पानोपानी आहे. शून्य बरोबर शून्य. पान पान भरून शून्य बरोबर शून्य. ताई, सर बरे आहेत ना? घरी गॅस वगैरे उघडा राहतो का?

मग तिने मला विचारलं, तू रोज त्यांच्याबरोबर असतोस. तुला काही वेगळं वाटलं?

म्हटलं, झोप जास्त लागते.

तिने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं.

१८ मे

डॉक्टरताईने सरांना सांगितलं. मी कॉम्प्युटरसमोर होतो. सर माझ्याकडे वळले. मग मला विचारलं, फाइलमध्ये काय आहे रे, खरं सांग.

मी बघितलं. म्हटलं, शून्य बरोबर शून्य आहे सर.

खरं तेच सांगितलं.

सर म्हणाले, मला तर आठवतं मी बरोबर लिहिलं होतं. मग म्हणाले, पण आठवणारा मीच ना.

डॉक्टरताईने विचारलं, टाइप करताना काही चुकलं असेल का? सर म्हणाले, छे, त्याला यातलं ओ का ठो कळत नाही. त्याने कशाला हात लावला असता. म्हणून तर त्याला ठेवलाय.

मला थोडा राग आला. मग तोही आला नाही.

१९ मे

फाइल उघडून पहिलं प्रकरण पहिल्या शब्दापासून वाचलं. पहिल्यांदाच. पहिल्या परिच्छेदातच आहे. सोडून दिलेला नियम हाच. लायब्निझ अल्जेब्रामध्ये वस्तू स्वतःबरोबर कंसात घातली तर शून्य यायलाच हवं असं नाही. काहीतरी उरू शकतं. पुस्तक ते जे उरतं त्याच्यावर आहे.

ते जे उरतं ते मी ५ मार्चला काढून टाकलं.

परत घालता येईल का ते बघितलं. आता नुसती शून्यं आहेत, त्यातली कोणती आधीपासून शून्य होती आणि कोणती मी केली ते कळत नाही. आणि f कुठे होता ते तर अजिबात नाही. जुनी फाइल नाही, तिच्यावरच सेव्ह केलं होतं.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अँटेनावाल्या बाईने एवढं ओरडायला नको होतं. आणि लायब्ररीतलं पुस्तक पातळ होतं, त्यात मोठ्या भावंडांचा उल्लेखच नव्हता.

उद्या सांगून टाकायचं.

२० मे

आज सरांची तब्येत ठीक वाटली नाही. अशा वेळी सांगणं बरं नव्हे.

२३ मे

आज सरांची तब्येत चांगली होती. अशा वेळी कशाला मूड घालवा.

२६ मे

स्मृतीच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेलो, सरांना बाहेर चालायला हात लागतो. डॉक्टर तरुण, बूट फार स्वच्छ. त्याने सरांना विचारलं, शंभरातून सात वजा करत जा. सरांनी विचारलं, कुठपर्यंत, शून्याखाली गेलं तर चालेल का? डॉक्टरने काहीतरी लिहून घेतलं.

मग घड्याळ काढायला सांगितलं, दहा वाजून दहा मिनिटांचं. सरांनी गोल काढला, कडेने आकडे नीट घातले. काटे काढले नाहीत. मधलं दिसतच नाही तर काटे रोवायचे कुठे. तसं त्यांनी सांगितलंही. डॉक्टर डॉक्टरताईला म्हणाला, डोळ्यांचं धरूनही थोडं विस्मरणाचं वाटतंय. खूप शिकलेली माणसं कारणं छान देतात.

मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडायला हवं होतं. भिंतीवर मेंदूचं चित्र होतं, रंगीत, प्रत्येक भागाला नाव. ते वाचत बसलो. वाचून संपायच्या आत बाहेर आलो.

येताना रिक्षात सर म्हणाले, मी आता स्वतःलाच तपासून बघतो. सकाळी एक सिद्धता मनात करतो, संध्याकाळी परत करतो. दोन्ही वेळा तीच येते. पण चुकीची असली तरी दोन्ही वेळा तीच येणार.

डॉक्टरताई खिडकीबाहेर बघत होती.

२७ मे

ठरलं. डॉक्टरताईला सगळं सांगायचं. स्पष्ट, मुद्देसूद, पुरुषासारखं. आरशासमोर तालीम केली. सुरुवात, ताई, एक गोष्ट सांगायची आहे. शेवट, शिक्षा द्याल ती मान्य. मधलं जमत जाईल. मामीने दार वाजवून विचारलं, कोणाशी बोलतोयस. म्हटलं, स्वतःशी.

३० मे

दवाखान्यात गेलो. बाहेर सहा माणसं गाल धरून. नंबर आल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून मदतनीसबाईंना सांगितलं, दाढ दुखते. आत गेल्यावर डॉक्टरताई म्हणाली, आलास शेवटी, बस. मी म्हटलं, ताई, एक गोष्ट सांगायची आहे. ती म्हणाली, आधी आ कर.

दाढ खरंच किडलेली होती. मला पत्ताच नव्हता. ती म्हणाली, एवढी पोकळ झाली आणि तुला दुखलं नाही? मग सुई दिली. डावी बाजू गेली, मग जीभ, मग ओठ. त्या बधिरपणात मी सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. ५ मार्च, कंस, शून्य, f. मला माझे शब्द ऐकू येत होते, त्यांना आकार नव्हता. लाळ गळत होती, मदतनीसबाई नळीने ओढून घेत होत्या.

डॉक्टरताई म्हणाली, बोलू नकोस, जीभ चावशील.

मी परत म्हटलं, मी बदललं, सर नाही. एवढं नीट निघालं. ती थांबली. मास्कवरून तिचे डोळे भरलेले दिसले. म्हणाली, बाबांचं तू स्वतःवर घेतोयस ते कळतंय मला. पण आपण आता मान्य करायला हवं. आणि माझा खांदा थोपटला. मग दाढ काढली.

कापूस चावून घरी आलो. सांगितलं तर आहे. समोरच्याला पोचणं आपल्या हातात नसतं.

२ जून

ओठ केव्हाच सुटला. तरी गेलो नाही परत सांगायला. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगितली की खोटी वाटते.

मामाला मात्र सांगून बघितलं, जेवण झाल्यावर. तो लिफ्टचा कुठला तरी तुकडा फडक्याने पुसत होता. सगळं ऐकून घेतलं. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, जा, म्हाताऱ्याला सांग. त्यांच्या मुलीला नाही, त्यांनाच. एवढंच. टोमणा मारला नाही. ते जास्त विचित्र वाटलं.

उद्या सकाळी आधी सरांकडे.

३ जून, सकाळी ११

सर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी म्हटलं, सर, मला सांगायचं आहे. ते म्हणाले, आधी माझं घे, सांगून झालं की सुटलो. संपादकाला लिहायचं होतं. फळ्यावर नाही, तोंडी सांगतो म्हणाले, अक्षरांचा आता भरवसा नाही.

मी टाइप करायला बसलो. म्हटलं, यांचं संपलं की लगेच.

त्यांनी सांगितलं: पुस्तक मी मागे घेतो. तू फोन मला करायला हवा होतास, पण का केला नाहीस ते समजतं. माझी मुलगी आणि डॉक्टर म्हणतात ते मी स्वीकारलं आहे. पुढे गणित लिहिणार नाही, म्हणजे कोणाला माझं तपासत बसावं लागणार नाही. जे आहे ते फाडून टाक.

मग थोडं थांबून सांगितलं: टाइप करणाऱ्याला दोष देऊ नकोस. मी लिहिलं तेच त्याने उतरवलं.

इथे माझा हात थांबला. सरांनी विचारलं, जोडाक्षर अडलं का? मी म्हटलं, हो.

मग ते वाक्य टाइप केलं.

सर म्हणाले, वाचून दाखव. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी विचारलं, काही बदललंस? नाही म्हटलं. बदललं नव्हतं. ते म्हणाले, बरोबर आहे, पाठव. पाठवलं.

मग ते माझ्या कानाकडे बघत म्हणाले, तुझं काय होतं, तू काहीतरी सांगणार होतास.

म्हटलं, दाढ काढली सर. तेच.

ते म्हणाले, बरं केलंस. मग म्हणाले, हा फळा उगीच भिंत अडवतो, कोणी न्यायला मिळेल का. मी म्हटलं, बघतो.